टेपमधली मोकळी जागा

१

इतकी मोठी जागा कुणी सोडली?

ज्याने सोडली त्यालाच मी विचारते आहे. कुठल्या तरी दूरच्या शहरात, जाड पडद्यांच्या खोलीत बसून तुम्ही ही टेप भरलीत. इंग्रजी वाक्य म्हणायचं आणि क्रियापदापाशी थांबायचं. त्या थांबण्यात विद्यार्थ्यानं योग्य काळ आणि योग्य साहाय्यक क्रियापद निवडून वाक्य पुरं करायचं. मग तुम्ही बरोबर उत्तर सांगणार आणि पुन्हा थांबणार, विद्यार्थ्यानं ते उत्तर पाठोपाठ म्हणावं म्हणून. पद्धत चांगली आहे, मी कॉलेजात तीच शिकले. पण चार सेकंदांची जागा पुरते. तुम्ही अकरा सोडलीत. मी घड्याळ लावून मोजलं आहे. अकरा सेकंदांत कुणीही येऊन बसू शकतं, हे तुम्हाला कळायला हवं होतं.

मी बुरुल. चोवीस वर्षांची. नारिन शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावात यंदापासून इंग्रजी शिकवते. आत्ता दुपारचे दोन वाजले आहेत, शिक्षकांच्या खोलीत मी एकटीच आहे. उद्या पेरीझातची परीक्षा आहे, तिची शेवटची संधी. ती वर बसली आहे, आणि तिला तिथून उठवायचं आहे.

२

शाळेच्या वरच्या मजल्यावर, टोकाला भाषेची खोली आहे. पस्तीस वर्षं तिथं तास झाला नव्हता, तिचं कोठार झालं होतं. आत बटाट्यांची पोती, मोडकी बाकं, आणि त्यांच्यामागे प्लायवुडच्या आडव्या-उभ्या फळ्यांनी केलेले बारा कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक बाक, एक खुर्ची, एक टेपयंत्र, एक हेडफोन. समोर शिक्षकाचं टेबल, त्यावर बारा बटणं आणि बारा छोटे दिवे. ज्या कप्प्यात कुणी बोलेल त्याचा दिवा लागतो.

मी रुजू झाले त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांच्या मागे लागले. मुलांना इंग्रजी बोलता येत नाही आणि बोलायला शिकवणारी खोली बटाट्यांना दिलीय, हे मला सहनच होईना.

"बिश्केकहून येताना एवढी घाई बरोबर आणलीस, बुरुल," भौतिकशास्त्राचे मास्तर, एसेनबाय आगाय म्हणाले, "थोडं पीठ आणलं असतंस तर जास्त उपयोग झाला असता." पण डिसेंबरभर थंडीत बसून ती यंत्रं त्यांनीच दुरुस्त केली.

जानेवारीच्या शेवटी खोली उघडली. साफसफाई आणि चहा बघणाऱ्या वयस्क सोनून अपांनी दोन बाकं जोडून त्यांवर दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अंथरला, तळलेल्या पिठाच्या बोर्सोकांचा ढीग ओतला, दुधाचा चहा केला. अकरावीची अकरा मुलं भोवती बसली. खाऊन झालं. आमच्याकडे दस्तरखानावरून असंच कुणी उठत नाही. वयानं मोठं माणूस चार आशीर्वादाचे शब्द बोलतं, तोवर सगळे तळहात पुढे पसरून बसतात, मग तेच तळहात चेहऱ्यावरून फिरवून ओमीन म्हणतात. तेव्हा बसणं संपतं.

सोनून अपांनी हात पसरले. मुलांनी पसरले. आणि तासाची घंटा झाली.

अपांचे चार शब्द म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. त्यात गाव येणार, गुरं येणार, पाऊसपाणी येणार, कामधंद्याला कझानला गेलेले, मॉस्कोला गेलेले सगळे येणार. माझा चाळीस मिनिटांचा तास.

"ते नंतर," मी टाळ्या वाजवत म्हणाले. "उठा, उठा! आपापल्या कप्प्यात चला."

मुलं एकमेकांकडे बघत उठली. कुणी हात झटकले, कुणी खिशात घातले. अपांचे हात मात्र तसेच हवेत राहिले.

"असं उठवू नये, पोरी," त्या म्हणाल्या.

"मुलांसमोर तरी एजे म्हणा, अपा," मी हसून म्हणाले. एजे म्हणजे बाई, शिक्षिकेला तसंच म्हणतात.

३

पहिलं वाक्य वाजलं: काल संध्याकाळी ती पत्र —

खोली गप्प. अकरा पोरं, अकरा हेडफोन, अकरा सेकंद.

"एजे, हा माणूस मधेच गप्प का होतो?" बोलोत मान बाहेर काढून ओरडला. "बायकोनं हाक मारली का?"

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता टेबलावरच्या दिव्यांकडे नजर गेली. बारा नंबरचा दिवा लागला होता. बारा नंबर रिकामा होता. तो दुसऱ्या रांगेचं टोक, त्याच्या पलीकडे भिंत. दिवा थोडा वेळ जळला आणि टेपवाल्यानं बरोबर उत्तर सांगितल्याबरोबर विझला. पुढच्या वाक्याच्या जागेत पुन्हा लागला.

मधल्या सुट्टीत मी माझा हेडफोन बारा नंबरला जोडला. एका मुलीचा आवाज. नीट, जपून, जुन्या शाळेत शिकवत तसे उच्चार. टेपमधल्या प्रत्येक जागेत ती उत्तर देत होती.

"यात भुतं शोधू नकोस," एसेनबाय आगाय हातातला पेचकस ओवाळत म्हणाले. "टेपच्या दोन पट्ट्या असतात. एकीवर गुरुजींचा आवाज, तो पुसता येत नाही. दुसरीवर विद्यार्थ्याचा. शेवटी जो बसला त्याचा आवाज तसाच राहतो. कुणीतरी पोर असेल तेव्हाची. आता आजी झाली असेल, नातवंडांना धपाटे घालत असेल."

"आणि दिवा?"

"वायर लोकरीसारखी पिंजलीय तिथली. तू बारा नंबर वापरू नकोस म्हणजे झालं."

पटलं. मला पटतंच असं, कारण सांगितलं की. फक्त एक गोष्ट शिक्षक म्हणून खटकली. त्या मुलीची सगळी उत्तरं चूक होती. वाक्य कालचं असो, उद्याचं असो, रोजचं असो, ती एकच साचा वापरायची: हॅव बीन. पूर्वी कधीतरी सुरू झालेली आणि अजून चालू असलेली क्रिया. काल संध्याकाळी ती पत्र लिहीत आली आहे. उद्या पाहुणे येत आले आहेत. दर शुक्रवारी आम्ही बसत आलो आहोत. टेपवाला प्रत्येक वेळी बरोबर उत्तर सांगायचा, आणि नंतरच्या जागेत, जिथं तिनं ते पाठोपाठ म्हणायला हवं, तिथं ती कधीच काही म्हणत नव्हती. नुसता श्वास ऐकू यायचा.

ढ मुलगी, असं मी मनात म्हटलं. मन लावून चुकणारी.

४

पेरीझातबद्दल सांगते. सतरा वर्षांची, मामा-मामीकडे राहते. आई कझानच्या बाजारात फरशा पुसते. पेरीझातला परिचारिका व्हायचं आहे. बिश्केकच्या संस्थेत फुकट जागा मिळते, पण मे महिन्याच्या परीक्षेत इंग्रजीत साठ गुण हवेत. नाही मिळाले तर जूनमध्ये तिकीट काढून आईच्या शेजारी दुसरी बादली धरायची. हे तिनं मला रडून नाही, हिशेब सांगावा तसं सांगितलं होतं. मी तिला शब्द दिला. गावातली एक मुलगी जरी आपल्या पायांवर बाहेर पडली तरी माझं इथं येणं फुकट गेलं नाही, असं मला वाटायचं. अजून वाटतं.

तिचं सगळं बरं होतं, अडायचं ते इथंच. कुठला काळ, कुठलं साहाय्यक क्रियापद. वाक्याकडे बघून ती गोंधळायची, अंदाजानं ठोकून द्यायची. तिला सराव हवा होता. फेब्रुवारीत तिच्या तीन नंबरच्या कप्प्यातला हेडफोन मेला. दुसरा नव्हता.

"बारा नंबरला बस," मी म्हणाले.

"ती जागा रिकामी आहे का, एजे?"

"नाही, तिथं राष्ट्राध्यक्ष बसतात," बोलोत म्हणाला.

एसेनबाय आगायनी वायर बदलून दिली. नवीन आवाज जुन्यावर भरला जाईल, जुना पुसला जाईल, असं तेच म्हणाले.

५

दोन आठवड्यांत तिचे उच्चार सुधारले. इतके, की मी शिक्षकांच्या खोलीत मिरवलं. मग मार्चमध्ये सराव परीक्षा घेतली. तीस रिकाम्या जागा, प्रत्येकीत क्रियापदाचं योग्य रूप भरायचं.

पेरीझातनं तीसही भरल्या होत्या. वळणदार, टाकानं लिहावं तशा अक्षरात. हॅव बीन, हॅज बीन, हॅव बीन. तीस वेळा. आम्ही पोचलो तेव्हा गाडी सुटत आली आहे. आजोबा तीस वर्षांपूर्वी वारत आले आहेत.

तीसपैकी दोन बरोबर. मी कागद तिच्यापुढे आपटला.

"ही थट्टा आहे का? दोन महिने राहिलेत!"

ती माझ्याकडे बघत होती, पण लक्ष दुसरीकडे असल्यासारखी. मी पुन्हा विचारणार तोच म्हणाली, "मी आधी बरोबर लिहिलं होतं, एजे. तिनं सांगितलं हेच खरं आहे."

"कुणी सांगितलं?"

पुन्हा तेवढाच वेळ. "शेजारी बसते ती."

"तुझ्या शेजारी बोलोत बसतो."

"डावीकडे, एजे. मी उजवीकडची म्हणते."

"उजवीकडे भिंत आहे, पेरीझात."

"हो, एजे," ती म्हणाली.

"हसू नका," मी वर्गाला दरडावलं. पण कुणी हसतच नव्हतं. बोलोतनं आपली खुर्ची बारा नंबरपासून हातभर लांब ओढली होती. ती त्यानं त्याच दिवशी ओढली होती की आधीच, हे मला आठवेना.

६

मी तिच्या घरी गेले. मामी दूध काढून नुकत्याच आत आल्या होत्या.

"शहरचं शिक्षण अंगाला लागत नाही हिच्या," त्या म्हणाल्या. "गाईला दोन वेळा उठवायचं, हिला दहा वेळा. एजे, जरा कमी शिकवा. वेणी घालायला बसते, अर्धीच घालते. चहा ओतला की साय धरेपर्यंत बघत बसते."

जेवण झालं. मामांनी हात पसरले, दोन शब्द बोलले, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. पेरीझातनंही हात पसरले होते. तिनं ते फिरवले नाहीत. सगळे उठले, मामी दस्तरखान झटकायला बाहेर गेल्या, तरी ती भिंतीच्या कडेला मांडीसमोर तळहात उघडे धरून बसूनच होती.

"महिनाभर हे असंच," मामी दारातून म्हणाल्या. "हात पुढे करते, पुरं करत नाही."

अशक्तपणा, मी ठरवलं. रक्त कमी असेल. आईची आठवण. परीक्षेचं दडपण. तिन्ही कारणं चांगली होती. घरी परतताना बर्फातून चालत मी पावलं मोजत होते हे माझ्या उशिरा लक्षात आलं. अकरा मोजायची, थांबायची. पुन्हा अकरा.

तेव्हापासून मी कुणालाही प्रश्न विचारला की मोजते. बाकी सगळे दोन-तीनच्या आत बोलतात. पेरीझात दरवेळी अकराला.

७

एप्रिलमधला शनिवार. शाळेला सुट्टी, दुपारचे तीन, आणि उरलेल्या बर्फावर इतकं ऊन की खोलीच्या छतावरही उजेड हलत होता. मी ठरवून गेले होते. बारा नंबरच्या टेपवरचा तो आवाज मीच पुसणार. बेचाळीस वाक्यं आहेत. मी कप्प्यात बसले आणि बेचाळीसही जागांत खणखणीत बरोबर उत्तरं भरली. बसताना उजव्या खांद्याला गार लागत होतं. बाहेरची भिंत आहे, लागणारच.

मग टेप उलटी फिरवून सुरू केली आणि शिक्षकाच्या टेबलाशी जाऊन हेडफोन लावला.

पहिली तीन उत्तरं माझ्या आवाजात. चौथ्यात माझ्याखाली आणखी कुणीतरी. नवव्यापर्यंत मी पातळ होत गेले. दहाव्याला मी नव्हते. पुसलं नीट गेलं नाही, मी स्वतःला सांगितलं. जुना आवाज वर येतो, असं होत असेल. आगायना विचारू.

शेवटच्या वाक्याचं बरोबर उत्तर टेपवाल्यानं सांगितलं. नंतरची जागा आली, पाठोपाठ म्हणायची, जिथं ती कधीच बोलत नसे. तिथं ती बोलली. इंग्रजीत नाही, आमच्या भाषेत. माझ्याच सुरात, बिश्केकच्या उच्चारांनी, अगदी माझी नक्कल करावी तसं.

"ते नंतर. उठा, उठा."

टेप संपली होती. रीळ रिकामं गरगरत होतं, टेपचं टोक फटफट आपटत होतं. हेडफोनमध्ये मात्र श्वास चालू होता. मी नकळत मोजत होते. अकराला आवाज आला, हळू, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखा:

"नंतर?"

बारा नंबरचा दिवा लागला.

मी मान वर केली. टेबलावरून कप्प्याचं आतलं दिसत नाही, फक्त फळीच्या कडेबाहेर आलेला बाकाचा कोपरा दिसतो. त्या कोपऱ्यावर हात होते. पसरलेले तळहात, वर केलेले, हवेत अधांतरी धरलेले. मनगटाशी तपकिरी बाही आणि तिला टाचलेली पांढरी लेस, आमच्या आयांच्या शाळेच्या फोटोंत असते तशी. ते थरथरत होते. खूप वेळ हात वर धरले की थरथरतात तसे.

आणि त्यांच्या डाव्या बाजूला दुसरे दोन हात. त्यातल्या एका अंगठ्यावर शेगडीचा चटका होता. तो अंगठा मी रोज पेरीझातच्या पेनावर बघते.

मी जाऊन बघायला हवं होतं. सात पावलं होती. मी दाराकडे गेले. जिन्यावरून उतरताना फोन लावला, मामींनी उचलला.

"पेरीझात? ही काय, इथंच बसलीय की समोर. देऊ का? बोलेल असं वाटत नाही."

८

परीक्षा नारिनला होती. मी तिला स्वतः घेऊन गेले, वाटेत गरम नान घेतला, काळांची उजळणी केली. ती सगळं बरोबर सांगत होती, अकरा-अकरा सेकंदांनी का होईना. मला आशा वाटली. आत सोडताना मी तिची अर्धी राहिलेली वेणी पुरी केली.

तीन तासांनी पर्यवेक्षक बाई बाहेर आल्या.

"गावाकडची मुलगी तुमचीच ना? घंटा होऊन गेली, ती उठत नाही."

सभागृह रिकामं झालं होतं. पेरीझात मधल्या रांगेत बसली होती. कागद कोरा होता. साठ रिकाम्या जागा तशाच रिकाम्या, आणि त्यांच्यावर, कागदाला न टेकता, तिचे पसरलेले तळहात.

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. माझे हात पसरले. मी, जिला चाळीस मिनिटांचा तास महत्त्वाचा वाटला होता. काय बोलायचं ते आठवेना, जे सुचलं ते बोलले, हात चेहऱ्यावरून फिरवले, "ओमीन" म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. मी अकरापर्यंत मोजलं. बावीसपर्यंत मोजलं.

"इथं नाही, एजे," ती म्हणाली.

तिला उठवायला आम्ही दोघी लागलो. तिचे हात काही केल्या खाली होईनात. पर्यवेक्षक बाई चांगल्या होत्या. त्यांनी आजारपण लिहिलं आणि राखीव दिवस मिळवून दिला. तो उद्या.

९

आज शनिवार नाही, तरी वरचा मजला शांत आहे. मुलांनी भाषेच्या खोलीत जायला नकार दिला, मुख्याध्यापकांनी आग्रह धरला नाही. पेरीझात सकाळी सातला स्वतःच आली, अपांकडून किल्ली घेतली आणि वर गेली. मी जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत दोनदा गेले. तिथून खोलीचं दार दिसतं. दारातून ऊन येतं, आणि उन्हात दिव्याचा एक लाल ठिपका उगीच दिसल्यासारखा वाटतो.

एसेनबाय आगाय म्हणतात, डॉक्टरकडे ने. नेईन. डॉक्टरही म्हणतील, हिला आधी उठवा.

एक वाजता मी सोनून अपांकडे गेले. त्या पुड्यातला चहा चिमटीनं किटलीत टाकत होत्या.

"अपा, तुम्ही मोठ्या आहात. त्या दिवशी हात तुम्हीच पसरले होते. तुम्ही वर चला, तुम्ही ओमीन म्हणा, म्हणजे झालं."

"माझं झालंय," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी. तुमचा तास सुटल्यावर मी परत त्या बाकाशी बसले, म्हटलं, हात फिरवले. बोलोतनं जिन्यातच फिरवले होते, मी बघितलं. बाकी पोरांनीही कुठं ना कुठं उरकलं असेल, घरचं वळण असलेली पोरं आहेत. एकटी पेरीझात तुमचं ऐकणारी."

"म्हणजे काय?"

"तुम्ही तिला नंतर म्हणालात ना. ती वाट बघते."

"आणि ती दुसरी? ती कुणाचं ऐकून बसली?"

अपांनी किटलीवर झाकण ठेवलं. "तेव्हाही कुणाला तरी घाई असेल," त्या म्हणाल्या, आणि बोर्सोक शोधायला फडताळाकडे वळल्या.

म्हणून हे लिहीत बसले. तुम्हाला विचारण्यासाठी, ज्यांनी ती जागा सोडली. चूक तुमची, असं मला सिद्ध करायचं होतं. टेप नीट भरली असती, जागा आखूड ठेवली असती, तर तिथं कुणी बसलंच नसतं. पण लिहिता लिहिता घड्याळ पुढे गेलं आणि मला दुसरंच दिसतंय. तुम्ही जागा सोडली होती. मी अपांना चार शब्दांपुरतीही दिली नाही.

मला भीती वाटते ती त्या हातांची नाही. मी जाऊन बसेन, खुर्ची ओढेन, हात पसरेन. काय बोलायचं ते आता पाठ केलंय. भीती ही, की मी बोलून संपवेन, दोघी उठतील, आणि मग मला उठवायला खोलीत कुणीच उरणार नाही.

आत्ता दारात पावलं वाजली. सोनून अपा आल्या आहेत. एका हातात किटली, दुसऱ्या काखेत घडी केलेला दस्तरखान.

"चला एजे, चहा निवतोय," त्या म्हणाल्या. "आणि दोघींचे हात केव्हाचे अवघडलेत."